फोनचा कान बदलतो तेव्हा
श्रवणतंतूजवळची गाठ, शस्त्रक्रियेची निवड आणि ऐकू येणे जपण्याचा प्रश्न

सोलापूरच्या पेठांतील व्यवहार आजही कानांवर चालतो. श्री सिद्धेश्वर बाजार समितीच्या आवारातील कांद्याचा लिलाव बोलीवर होतो, कापडाच्या पेढीवर मालाची मागणी फोनवरून येते. ग्राहक मराठीत विचारतो, यंत्रमागाचा कारागीर तेलुगूत उत्तर देतो, विजापूरकडील व्यापारी कानडीत घासाघीस करतो आणि घरी गेल्यावर आई गुजरातीत किंवा मारवाडीत हाक मारते. चार भाषांच्या या गावात ज्याचा कान तयार, त्याचा धंदा तयार, असे जुनी माणसे म्हणत आली.

अशा एखाद्या पेढीवर चाळिशी-पन्नाशीतील गृहस्थ नकळत फोन डाव्या कानावरून उजव्या कानावर नेऊ लागतो. डाव्या कानाला आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. प्रथम फोनला दोष दिला जातो, मग नेटवर्कला. कधी त्या कानात बारीक शिट्टी वाजत राहते, कधी जिना उतरताना तोल किंचित जातो. घरातील मंडळी म्हणतात, ‘वय झाले’. यातील बहुतेकांना काहीही गंभीर झालेले नसते. परंतु थोड्या जणांच्या बाबतीत या साध्या सवयीमागे ‘ॲकॉस्टिक न्यूरोमा’ नावाची गाठ असते. ही गाठ कर्करोगाची नव्हे. ती शरीरात इतरत्र पसरत नाही. तरीही ती अशा ठिकाणी वाढते की तिच्यावर उपचार ठरवताना जीव, चेहरा आणि ऐकणे या तिन्हींचा हिशेब एकाच वेळी मांडावा लागतो. त्या हिशेबात ऐकण्याचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो आणि तोवर उशीर झालेला असतो.

मागांची खडखड आणि एका कानाचे बहिरेपण

सोलापूर हे गिरण्यांचे आणि मागांचे गाव. १८७७ मध्ये येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली. गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी पूर्व भागातील यंत्रमागांची खडखड थांबलेली नाही. मागाच्या आवाजात वर्षानुवर्षे वावरल्याने ऐकू कमी येते, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. कारखाना असलेल्या कुटुंबात म्हणूनच कुणाला कमी ऐकू येऊ लागले की कारण आधीच ठरलेले असते.

येथे एक भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. आवाजामुळे येणारे बहिरेपण आणि वयाचे बहिरेपण सर्वसाधारणपणे दोन्ही कानांना थोड्याफार सारख्या प्रमाणात ग्रासते. एकाच कानाला कमी ऐकू येणे, एकाच कानात सतत नाद होणे, किंवा आवाज ऐकू येऊनही एका कानाने शब्द न उमगणे, ही निराळी खूण आहे. एखाद्या सकाळी अचानक एक कान बंद झाला आणि स्टिरॉइडच्या औषधाने पुन्हा सुधारला, तरी तपास तेथेच थांबवणे योग्य नाही. औषधाने सुधारणा झाली म्हणजे गाठ नाही, असे सिद्ध होत नाही.

हा विकार दुर्मीळ आहे. ढोबळ मानाने लाख लोकांत वर्षाला एखाद-दुसरा नवा रुग्ण आढळतो. त्यामुळे प्रत्येक कानदुखीला घाबरण्याचे कारण नाही. परंतु एका बाजूचे बहिरेपण दुर्लक्षित ठेवण्याचेही कारण नाही.

गाठ नेमकी कुठे असते?

आंतरकर्णातून मेंदूकडे जाणारा आठवा मज्जातंतू दोन कामे करतो. त्याचा एक भाग ध्वनी वाहून नेतो, दुसरा शरीराचा तोल सांभाळण्याची माहिती. कवटीच्या कठीण हाडातून जाणाऱ्या सुमारे एक सेंटिमीटर लांबीच्या अरुंद बोगद्यातून हे तंतू जातात. त्याच बोगद्यातून चेहऱ्याचे स्नायू हलवणारा सातवा मज्जातंतू जातो आणि आंतरकर्णाला रक्त पुरवणारी बारीक धमनीही जाते.

गाठ उगवते ती बहुतेक वेळा तोल सांभाळणाऱ्या तंतूच्या वेष्टणातून. या वेष्टणातील पेशींना श्वान पेशी म्हणतात. म्हणून तिचे शास्त्रशुद्ध नाव ‘व्हेस्टिब्युलर श्वानोमा’ असे आहे. म्हणजे नावात श्रवण असले तरी गाठ श्रवणाच्या तंतूची नसते. ती त्याच्या शेजाऱ्याची असते. शस्त्रक्रियेत ऐकणे वाचवण्याची जी काही आशा असते, ती याच एका गोष्टीवर उभी आहे. शेजाऱ्याचे काढायचे आणि आपले राखायचे. मात्र घर एवढे लहान की धक्का न लावता काम करणे अवघड.

ही गाठ सावकाश वाढते. वाढणाऱ्या गाठींची गती सरासरी वर्षाला एक-दोन मिलिमीटर असते आणि कित्येक गाठी वर्षानुवर्षे जशाच्या तशा राहतात. या संथपणामुळेच विचार करायला वेळ मिळतो. मोठ्या होऊन मेंदूच्या देठावर दाब देणाऱ्या गाठी मात्र याला अपवाद आहेत. तेथे वेळ काढणे धोक्याचे असते.

आधी मोजमाप, मग मसलत

निदान निश्चित होते ते शिरेतून औषध देऊन काढलेल्या एमआरआयने. ही तपासणी सोलापुरातही होते. परंतु एमआरआय गाठ दाखवतो, ऐकणे दाखवत नाही. एमआरआयची मोठी पिशवी घेऊन पुण्या-मुंबईला जाणारी कुटुंबे ऐकण्याचा तपशीलवार अहवाल अनेकदा बरोबर नेत नाहीत. श्रवण जपायचे की नाही, हा निर्णय त्या अहवालाशिवाय घेताच येत नाही.

श्रवणाची तपासणी दोन अंगांनी होते. पहिल्या तपासणीत किती मंद आवाज ऐकू येतो हे डेसिबलमध्ये मोजतात. दुसरीत, पुरेशा मोठ्या आवाजात उच्चारलेल्या शब्दांपैकी किती शब्द बरोबर ओळखता येतात हे शेकडेवारीत मोजतात. या गाठीत पुष्कळदा पहिली तपासणी बरी निघते आणि दुसरी फार खालावलेली असते. म्हणूनच फोनवर आवाज येतो, पण बोलणे कळत नाही.

तज्ज्ञांमध्ये ‘उपयोगी श्रवण’ ठरवण्याचा एक सोपा निकष रूढ आहे. ऐकण्याची पातळी ५० डेसिबल किंवा त्याहून चांगली आणि शब्द ओळखण्याचे प्रमाण निदान ५० टक्के. याच्या आतील श्रवण व्यवहारात कामाला येते, म्हणून ते जपण्याजोगे मानतात. ३० डेसिबल आणि ७० टक्के याहून चांगले श्रवण उत्तम गटात मोडते. अशा रुग्णांत शस्त्रक्रियेनंतरही ऐकणे टिकण्याची शक्यता अधिक असते.

बहुभाषी सोलापूरकरांनी येथे एक काळजी घ्यावी. शब्दांची तपासणी ज्या भाषेत रुग्ण रोज बोलतो, त्या भाषेत व्हायला हवी. ज्याचे आयुष्य मराठीत वा गुजरातीत गेले, त्याला इंग्रजी शब्द ऐकवून काढलेला आकडा खरे श्रवण सांगत नाही. एखाद्याचे चांगले श्रवण कागदावर निरुपयोगी ठरू शकते आणि त्या कागदावरून त्याचा कान कायमचा सोडून देण्याचा निर्णय होऊ शकतो. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग संस्था आणि १९६५ पासून कार्यरत असलेली म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था या क्षेत्रातील मान्यवर संस्था होत. तेथून शिकलेले श्रवणतज्ज्ञ आज अनेक शहरांत आहेत. शब्दतपासणी कोणत्या भाषेत झाली, हे विचारायला संकोच नसावा.

तीन वाटा

गाठ लहान किंवा मध्यम असेल, तर रुग्णापुढे तीन वाटा असतात. पहिली, ठरावीक काळाने एमआरआय आणि श्रवणतपासणी करीत लक्ष ठेवणे. दुसरी, किरणोपचार. स्वीडनमध्ये लार्स लेक्सेल यांनी गॅमा नाईफ विकसित केले आणि १९६९ मध्ये या गाठीवर ते प्रथम वापरले गेले. नावात सुरी असली तरी यात कापाकापी नसते. अनेक दिशांनी येणारे बारीक किरण गाठीवर एकवटतात. त्याने गाठ नाहीशी होत नाही, तिची वाढ थांबते. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात १९९० च्या दशकात ही सोय सुरू झाली. तिसरी वाट म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालील शस्त्रक्रिया.

यांपैकी कोणत्या वाटेने ऐकणे अधिक टिकते? अमेरिकेतील मेंदूशल्यविशारदांच्या ‘काँग्रेस ऑफ न्यूरॉलॉजिकल सर्जन्स’ या संघटनेने २०१८ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून याचे उत्तर दिले. ते आरंभी उपयोगी श्रवण असलेल्या रुग्णांविषयीचे आहे. केवळ लक्ष ठेवल्यास २ वर्षांनी ७५ टक्क्यांहून अधिक, ५ वर्षांनी ५० ते ७५ टक्के आणि १० वर्षांनी २५ ते ५० टक्के रुग्णांत उपयोगी श्रवण उरते. किरणोपचारानंतर २ आणि ५ वर्षांनी हे प्रमाण ५० ते ७५ टक्के असते आणि १० वर्षांनी २५ ते ५० टक्क्यांवर येते. शस्त्रक्रियेत ते प्रथमपासूनच २५ ते ५० टक्के असते. ज्यांचे श्रवण आधी उत्तम गटातील होते, त्यांच्यात मात्र शस्त्रक्रियेनंतर लगेच आणि पुढे ५ वर्षांपर्यंत ते ५० ते ७५ टक्के राहते.

हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून सरळ तुलना करता येत नाही, कारण प्रत्येक वाटेवर गेलेले रुग्ण वेगळे होते. तरीही त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. कोणतीही वाट ऐकण्याची हमी देत नाही आणि १० वर्षांनी तिन्ही वाटा जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. फरक आहे तो धोका कधी पत्करायचा यात. शस्त्रक्रियेत धोका एकाच दिवशी समोर येतो. त्या दिवशी श्रवण वाचले तर पुढे बहुधा बराच काळ टिकते, गेले तर त्याच दिवशी जाते. किरणोपचारात ते वर्षानुवर्षे हळूहळू झिजते. नुसते लक्ष ठेवले तर ते केव्हा घसरेल याचा भरवसा नसतो; गाठ वाढली नाही तरीही ऐकणे कमी होऊ शकते.

नॉर्वेतील १०० रुग्णांवर झालेला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याला पुष्टी देतो. अर्ध्या रुग्णांना लगेच किरणोपचार दिले, अर्ध्यांवर लक्ष ठेवून गाठ वाढली तरच उपचार केले. ४ वर्षांनी पहिल्या गटातील गाठी अधिक आकसलेल्या आढळल्या, पण दोन्ही गटांच्या श्रवणात फरक आढळला नाही. लहान गाठ दिसताक्षणी घाई केली नाही म्हणून कान गमावला, असे म्हणता येत नाही, हा त्यातील बोध.

शस्त्रक्रियेच्या तीन दिशा

शस्त्रक्रियाच करायची ठरली, तर ऐकण्याचे भवितव्य मुख्यतः एका प्रश्नावर अवलंबून असते. शल्यविशारद गाठीपर्यंत कोणत्या दिशेने पोहोचणार?

विसाव्या शतकाच्या आरंभी ही गाठ काढणे म्हणजे बहुतेक वेळा मृत्यूला आमंत्रण होते. हार्वी कुशिंग यांनी १९१७ मध्ये या गाठींवर ग्रंथ लिहिला आणि गाठीचा आतील भागच काढण्याच्या पद्धतीने मृत्यूंचे प्रमाण खाली आणले. त्या काळी कानाचा विचार करणे चैनीचे होते. पुढे १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमधील कानाचे शल्यविशारद विल्यम हाउस यांनी सूक्ष्मदर्शक हाती घेतला आणि कानाच्या बाजूने दोन नवे मार्ग रूढ केले. तेव्हापासून ‘जीव वाचेल का’ या प्रश्नाची जागा ‘चेहरा आणि कान वाचेल का’ या प्रश्नाने घेतली.

पहिला मार्ग कानामागील हाडातून, आंतरकर्णातूनच आत जातो. यात मेंदूला बाजूला सारावे लागत नाही आणि चेहऱ्याचा मज्जातंतू लवकर दिसतो. मोठ्या गाठीही या वाटेने काढता येतात. परंतु आंतरकर्ण खोदूनच वाट काढायची असल्याने त्या कानाचे ऐकणे पूर्णपणे आणि कायमचे जाते. ज्याच्या कानात उपयोगी श्रवण उरलेलेच नाही, त्याच्यासाठी हा उत्तम मार्ग असू शकतो. ज्याला अजून चांगले ऐकू येते, त्याने मात्र हा मार्ग का निवडला जात आहे, हे शस्त्रक्रियेआधी समजून घ्यावे.

दुसरा मार्ग त्याहून मागून, डोक्याच्या पाठच्या बाजूने जातो. मेंदूशल्यविशारदांचा हा परिचित मार्ग असून त्यात आंतरकर्ण अबाधित ठेवता येतो. लहान आणि मध्यम गाठींत ऐकणे वाचण्याची शक्यता राहते. बोगद्याच्या अगदी टोकाशी रुतलेला गाठीचा भाग मात्र या दिशेने पाहणे कठीण जाते आणि काही रुग्णांना नंतर डोकेदुखीचा त्रास दीर्घकाळ राहतो.

तिसरा मार्ग कानाच्या वरून, बोगद्याचे छप्पर उघडून जातो. बोगद्यातच असलेल्या लहान गाठींसाठी, श्रवण वाचवण्याच्या दृष्टीने अनेक तज्ज्ञ हा मार्ग सर्वांत अनुकूल मानतात. त्याची किंमतही आहे. चेहऱ्याचा मज्जातंतू अनेकदा शल्यविशारद आणि गाठ यांच्या मधोमध येतो, आणि मेंदूचा कानावरील भाग हलकेच उचलून धरावा लागतो. त्यामुळे वृद्ध रुग्णांत हा मार्ग सहसा टाळतात.

श्रवण वाचण्याची आशा कोणाला अधिक? ज्याची गाठ लहान आहे, ज्याचे शस्त्रक्रियेपूर्वीचे ऐकणे चांगले आहे, ज्याच्या एमआरआयमध्ये बोगद्याच्या टोकाशी गाठ न पोहोचता थोडे पाणी शिल्लक दिसते आणि ज्याच्या श्रवणतंतूच्या विद्युत्तपासणीतील लहरी ठीक आहेत, त्याला. शस्त्रक्रिया चालू असताना कानात आवाज सोडून तंतूचे संदेश सतत तपासण्याची यंत्रणा असते. संदेश मंदावले की शल्यविशारद हात आवरतो. एवढे सारे करूनही कधी तंतू डोळ्यांदेखत शाबूत असतो आणि ऐकणे जाते, कारण आंतरकर्णाला रक्त पुरवणारी केसासारखी धमनी दुखावलेली असते. हे शल्यविशारदाचे अपयशच असते असे नाही. आधी सांगितले गेले असेल, तर कुटुंब ते समजून घेते.

चेहऱ्याचे मोल

ऐकणे जपण्याच्या आग्रहात क्रम विसरून चालत नाही. आधी जीव आणि मेंदूचा देठ, मग चेहरा, त्यानंतर श्रवण, असा क्रम बहुतेक तज्ज्ञ मानतात. तीन सेंटिमीटरहून मोठ्या गाठींत उपयोगी श्रवण वाचणे क्वचितच घडते. तेथे कानासाठी हट्ट धरणे शहाणपणाचे नसते. अशा वेळी चेहऱ्याच्या तंतूला चिकटलेला गाठीचा पातळ थर मुद्दाम शिल्लक ठेवून पुढे त्यावर लक्ष ठेवण्याचा निर्णयही घेतला जातो. ‘पूर्ण काढली नाही’ म्हणून कुटुंबाने त्यावर नाराज होऊ नये.

हॉलिवूडमधील अभिनेते मार्क रफलो यांना २००१ मध्ये ही गाठ असल्याचे कळले. त्या वेळी त्यांच्या घरी बाळ येणार होते. ते जन्माला येईपर्यंत त्यांनी पत्नीला काही सांगितले नाही. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या चेहऱ्याची एक बाजू काही महिने लुळी राहिली. ती पुढे सुधारली, डाव्या कानाचे ऐकणे मात्र परतले नाही. ज्याचा चेहरा हेच ज्याचे भांडवल, त्याने नंतर याविषयी मोकळेपणाने बोलणे अनेक रुग्णांना धीर देणारे ठरले.

व्यापारी कुटुंबांत हा मोकळेपणा कमी आढळतो. घरात मुला-मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू असतील, तर डोक्यातील गाठ हा शब्द उंबऱ्याबाहेर जाऊ दिला जात नाही. कधी थोरले बंधू आणि सासरेबुवा मिळून तारीख ठरवतात आणि ज्याच्या कानाचा प्रश्न, त्याला रुग्णालयात दाखल होताना कळते. ‘डोक्यात आहे ना, मग आधी काढून टाका’ ही काळजीपोटीची घाई असते. पण कोणत्या कानाने फोन घ्यावा लागतो, लिलावात उभे राहावे लागते की हिशेबाच्या टेबलावर, प्रवास किती असतो, हे त्यालाच माहीत असते. श्रवण गमावण्याचा धोका आज घ्यायचा की उद्यावर ठेवायचा, हे दुसऱ्याने ठरवण्यासारखे नाही.

सोलापूरहून निघताना

सोलापूरहून पुणे सुमारे २५० आणि हैदराबाद सुमारे ३०० किलोमीटर. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून सकाळी मुंबई गाठता येते. मुंबईतील केईएम आणि हिंदुजा, बंगळूरचे निम्हान्स, तसेच डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ मध्ये मेंदूशल्यचिकित्सेचा विभाग सुरू केलेले वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज अशी मोठी केंद्रे या भागातील रुग्णांच्या आवाक्यात आहेत. ही गाठ दुर्मीळ असल्याने रुग्णालयाच्या नावाइतकेच महत्त्व शल्यविशारदाच्या अनुभवाला आहे. कानाचा शल्यविशारद आणि मेंदूचा शल्यविशारद जेथे एकत्र काम करतात, तेथे तिन्ही मार्ग खुले राहतात. केवळ एकच मार्ग जाणणाऱ्याकडे गेल्यास सल्लाही सहसा त्याच मार्गाचा मिळतो. दुसरे मत घेणे हा पहिल्या डॉक्टरांचा अवमान नव्हे. मोठा सौदा करताना दोन ठिकाणी भाव विचारणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

गरजू कुटुंबांनी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. खासगी विमा असणाऱ्यांनी तारीख घेण्यापूर्वी कंपनीची लेखी मंजुरी पाहावी. सर्व एमआरआय आणि श्रवण अहवाल तारखेनुसार एका फाईलमध्ये लावावेत. दरवर्षी वही नीट उतरवणाऱ्या घरात हे काम सहज होते. एका अहवालापेक्षा दोन वर्षांच्या चार अहवालांतील चढउतार तज्ज्ञाला कितीतरी अधिक सांगून जातो.

भेटीस जाताना पुढील प्रश्न कागदावर लिहून न्यावेत :

१. गाठ किती मिलिमीटर आहे आणि मेंदूच्या देठाला टेकली आहे का?
२. आज या कानात उपयोगी श्रवण आहे का? शब्दतपासणी कोणत्या भाषेत झाली?
३. सहा महिने थांबून पुन्हा एमआरआय केल्यास काय गमावण्याचा धोका आहे?
४. किरणोपचार या गाठीला लागू आहेत का? नसल्यास का नाहीत?
५. शस्त्रक्रिया कोणत्या मार्गाने होणार आणि तोच मार्ग का?
६. अशा किती शस्त्रक्रिया आपण केल्या? त्यांत चेहरा किती जणांचा आणि श्रवण किती जणांचे टिकले?
७. शस्त्रक्रियेदरम्यान श्रवणतंतूवर आणि चेहऱ्याच्या तंतूवर देखरेख ठेवणार का?
८. श्रवण गेलेच, तर पुढील सोय कोणती?

दोन्ही कानांच्या बाजूला गाठी असतील, तर प्रश्न निराळा असतो. एनएफ-२ नावाचा आनुवंशिक विकार त्यामागे असतो आणि तरुण वयातच तो दिसू लागतो. येथे प्रत्येक निर्णय दुसऱ्या कानाकडे पाहून घ्यावा लागतो, आणि घरातील इतरांची तपासणीही आवश्यक ठरते. श्रवणतंतूच उरला नाही अशा रुग्णांसाठी १९७९ मध्ये विल्यम हाउस आणि विल्यम हित्सलबर्गर यांनी मेंदूच्या देठावर बसवायचे श्रवणयंत्र प्रथम बसवले. भारतातही अशी रोपणे झाली आहेत.

एक कान गेला, तरी

साऱ्या प्रयत्नांनंतरही एका कानाचे ऐकणे गेले, तर संसार आणि धंदा थांबत नाही. मात्र बदल होतात आणि ते आधी माहीत असलेले बरे. एका कानाने आवाज कोणत्या दिशेने आला हे कळत नाही. लिलावात बोली ऐकू येते, पण ती कोणी लावली हे समजायला मान वळवावी लागते. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याचे बोलणे गोंगाटात बुडते. डावा कान गेलेल्याला मोटार चालवताना शेजारच्या आसनावरील माणसाचे बोलणे कमी ऐकू येते. रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकून नव्हे, डोळ्यांनी पाहून पाऊल टाकावे लागते.

यावर उपाय आहेत. गेलेल्या कानावरील आवाज पकडून चांगल्या कानाकडे पाठवणारी यंत्रे मिळतात, हाडातून ध्वनी पोहोचवणारी यंत्रेही मिळतात. श्रवणतंतू शाबूत राहिला असेल, तर काही निवडक रुग्णांत कॉक्लियर इम्प्लांटचा विचार होतो. तोल सावरण्यासाठी फिजिओथेरपी असते आणि पहिल्या काही आठवड्यांचा भोवंडल्यासारखा त्रास व्यायामाने बहुधा आटोक्यात येतो. पेढीवर गादीची जागा बदलून चांगला कान गिऱ्हाईकाकडे ठेवणे, घरात जेवताना भिंतीकडे गेलेला कान करून बसणे, या बिनखर्चाच्या युक्त्याही तितक्याच कामाच्या. घरच्यांनी मागून हाक न मारता समोर येऊन बोलावे. पुन्हा विचारले तर चिडू नये. जो दोनदा विचारतो, तो दुर्लक्ष करीत नसतो. तो ऐकण्याचा प्रयत्न करीत असतो.

‘श्रावक’ या शब्दाचा मूळ अर्थच ऐकणारा असा आहे. चातुर्मासात प्रवचनाला पहिल्या रांगेत बसणारे आजोबा हळूहळू एका बाजूला सरकून, मान वळवून ऐकू लागले, तर ते घरच्यांच्या लक्षात यायला हवे. पेढीवर कुणी फोनचा कान बदलला, तर तेही लक्षात यायला हवे. त्यातून बहुधा कानातील मळ निघेल, वयाचे बहिरेपण निघेल, आणि घरात हसू होईल. क्वचित गाठ निघेल. ती लहान असताना निघाली, तर थांबण्याची, निवडण्याची आणि वाचवण्याची मुभा हाती असते. शल्यविशारदाचे कौशल्य त्या मुभेचा उपयोग करू शकते. एकदा गेलेली मुभा मात्र ते परत आणू शकत नाही.